राखुंडी, मशेरी आणि दातांवरची तार

दात घासण्याचा इतिहास म्हणजे मुख्यतः तीन हत्यारांचा इतिहास आहे: बोट, काडी आणि ब्रश. तिन्ही हत्यारं एक गोष्ट गृहीत धरतात. दातांची रांग ही एक उघडी भिंत आहे, तिच्यावरून काहीतरी खरखरीत फिरवलं की काम झालं. राखुंडी घेतलेलं बोट हेच करतं, बाभळीचं दातवण हेच करतं आणि जाहिरातीतला ब्रशही हेच करतो. मग विसाव्या शतकात दंतवैद्यांनी त्या भिंतीवर कायमची पालखी बांधायला सुरुवात केली. प्रत्येक दातावर एक धातूचा ठोकळा, ठोकळ्यांतून ओवलेली तार, तार धरून ठेवायला रबराच्या बारीक चकत्या. आता भिंत घासायची तर पालखीच्या मागे हात जायला हवा, आणि तिन्ही जुन्या हत्यारांना तिथे वाट नाही.

मी अठ्ठावीस वर्षांची आहे, सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करते आणि गेले चौदा महिने माझ्या दातांवर ही पालखी आहे. आमच्या घरात गेल्या सत्तर वर्षांत दात घासण्याच्या जवळजवळ सगळ्या पद्धती वापरून झाल्या आहेत. आजी मशेरीवाली, आजोबा राखुंडी आणि मीठवाले, बाबा काळ्या मंजनापासून पांढऱ्या पेस्टपर्यंत आलेले, आणि मी. म्हणून हे लिहायला घेतलं. तारेमागचे दात साफ ठेवायला शिकताना मला सारखं वाटत राहिलं, की उमेळ्यातल्या एका घरात हा सगळा इतिहास एकाच मोरीवर उभा आहे आणि त्याच्याकडे कोणी नीट बघितलेलं नाही.

सुरुवात जवळूनच करू. आमच्या गावाहून नालासोपारा काही फार लांब नाही. तिथल्या स्तूपाचं उत्खनन भगवानलाल इंद्रजींनी 1882 मध्ये केलं, अशोकाच्या शिलालेखांचे तुकडे तिथेच मिळाले. खाडी ओलांडली की बोरिवलीच्या जंगलात कान्हेरीची लेणी. म्हणजे या पट्ट्यात कित्येक शतकं बौद्ध भिक्षूंचा राबता होता, आणि भिक्षूंच्या नियमांत दातवणाला स्वतंत्र जागा आहे. विनयपिटकातली गोष्ट अशी: बुद्धाने दातवण वापरायला परवानगी दिली. मग काही भिक्षू लांबच लांब काड्या वापरू लागले आणि त्यांनीच श्रामणेरांना मारू लागले. म्हणून नियम आला, काडी आठ अंगुळांपेक्षा लांब नको. मग एकाने अगदी आखूड काडी घेतली, ती त्याच्या घशात अडकली. म्हणून दुसरा नियम, चार अंगुळांपेक्षा आखूडही नको. माझ्या धंद्यात याला दोन बग आणि दोन पॅच म्हणतात. तक्रार आली, दुरुस्ती केली, दुरुस्तीतून नवी तक्रार निघाली. सोपाऱ्याच्या भिक्षूंनीही हीच आठ-चार अंगुळं पाळली असणार.

सातव्या शतकात भारतात आलेला चिनी भिक्षू इत्सिंग याला या दातकाड्यांचं एवढं अप्रूप वाटलं, की त्याने त्यांची लांबी-जाडी, टोक कसं चावायचं, हे सगळं मायदेशीच्या लोकांसाठी तपशिलाने लिहून ठेवलं.

आयुर्वेदातली माहिती याहून नेमकी आहे. सुश्रुताची काडी बारा अंगुळं लांब, करंगळीएवढी जाड, सरळ, गाठ नसलेली. कडू चवीत कडुनिंब उत्तम, तुरट चवीत खैर, गोड चवीत मोह, तिखटात करंज. ही चारही झाडं पालघर जिल्ह्यात आजही आहेत, मोह आणि खैर डोंगराकडे जास्त. पण मला थांबवलं ते पुढच्या मजकुराने. मध, सुंठ-मिरी-पिंपळी, तेल, सैंधव यांचं मिश्रण घ्यावं आणि काडीच्या मऊ कुंचल्याने एकेक दात वेगळा घासावा, हिरड्यांना दुखापत होऊ देऊ नये, असं तिथे सांगितलं आहे. एकेक दात वेगळा. तार बसवल्यानंतर माझ्या डॉक्टरबाईंनी हातात आरसा देऊन हेच सांगितलं होतं: रांग घासू नकोस, दात घास. तारेच्या वरून एकदा, तारेच्या खालून एकदा, मग पुढचा दात.

वाग्भटाने कोणी दातवण करू नये याचीही यादी दिली आहे. अजीर्ण झालेल्याने, ओकारी होणाऱ्याने, ताप-खोकला असणाऱ्याने, आणि तोंड आलेल्याने. तोंड येणं म्हणजे काय हे मला तार बसवल्याच्या पहिल्याच आठवड्यात कळलं. ब्रॅकेटच्या कडा गालाच्या आतल्या कातडीला घासतात आणि जिथे तिथे फोड. त्यावर आता मेणाची गोळी करून ब्रॅकेटवर चिकटवतात. त्या आठवड्यात दातवण हातात धरणाऱ्याला वाग्भटाने मनाई केली असती, आणि बरोबरच केली असती.

धर्मशास्त्राने आणखी वेगळी मनाई केली होती. पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या दुसऱ्या खंडात आन्हिकाच्या ओघात दंतधावनाचाही विचार केला आहे. काही तिथींना, उपवासाला, श्राद्धाला लाकडाची काडी वर्ज्य. मग तोंडाचं काय करायचं? बारा चुळा भरायच्या. आमच्याकडे एकादशीला आजोबा दातवण करत नसत, खळखळून चुळा भरत, पण त्या बारा असायला हव्यात हे त्यांना कोणी सांगितलं होतं असं वाटत नाही.

हे झालं पोथीतलं. वसईच्या घराघरांत काडीपेक्षा बोट जास्त चाललं असावं, कारण चुलीत राख फुकट होती. राखुंडी म्हणजे गोवरीची राख. ती चाळून डब्यात भरायची, कधी त्यात बारीक कुटलेला कोळसा, कधी चिमूटभर मीठ. मिठाचं आम्हाला कधीच वावडं नव्हतं, नायगावच्या बाजूला मिठागरंच होती. जाडं मीठ पाट्यावर वाटून घेतलं की मंजन तयार. राख क्षारधर्मी असते आणि तोंडातली आम्लता काही काळ कमी करते, हे तिच्या बाजूने म्हणता येईल. तिच्या विरुद्ध असं, की ती खरखरीत असते आणि रोज चोळली तर दाताच्या बाहेरचं कठीण कवच झिजवते. आजोबांचे दात शेवटपर्यंत शाबूत होते, पण हिरड्यांपाशी त्यांना खाचा पडल्या होत्या. गार पाणी प्याले की एक डोळा मिटायचे.

इथे पानाबद्दल दोन शब्द. वसईचं नागवेलीचं पान एके काळी लांबवर जायचं. पोर्तुगीज काळात गोव्यात राहिलेल्या गार्सिया द ओर्ता या वैद्याने 1563 मध्ये छापलेल्या ग्रंथात विड्याच्या पानावर स्वतंत्र संवाद लिहिला आहे. वसई तेव्हा पोर्तुगीजांकडेच होती, 1534 पासून चिमाजी अप्पांच्या 1739 च्या मोहिमेपर्यंत. विडा हा तोंड स्वच्छ करण्याचाच एक प्रकार समजला जाई. सुपारी आणि काथ दातांवर लाल-काळा थर बसवतात ही वेगळी गोष्ट, पण लाल दात म्हणजे घाण दात ही समजूत नंतरची आहे.

मशेरीचंही तसंच. आणि मला मुख्य सांगायचं आहे ते मशेरीबद्दल.

मशेरी, मिश्री, काही ठिकाणी मिसरी. तंबाखूची पानं तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची, डबीत भरायची. सकाळी बोटावर घेऊन दातांवर, हिरड्यांवर चोळायची. मग थोडा वेळ तशीच राहू द्यायची, त्यात खरी गंमत. कोकणापासून देशापर्यंत लाखो बायकांनी हे केलं. बाई बिडी ओढताना दिसली असती तर चार घरांत बोललं गेलं असतं. मशेरीला कोणी बोलायचं नाही, कारण ती बाई तंबाखू खात नव्हती, दात घासत होती. दिवसातून चार वेळा दात घासले तरी तिला व्यसनी कोण म्हणणार? दंतमंजन या एका शब्दाने बायकांना तंबाखूचा परवाना मिळाला. मोरीवरची ती दहा मिनिटं कदाचित दिवसभरात त्यांच्या एकट्यांची असलेली एवढीच दहा मिनिटं होती. आजीकडे बघून मला तरी तसं वाटतं.

याची किंमत मोजायचं काम मुंबईतच झालं. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत दंतसंशोधनाचा एक विभाग होता, हो, अणूंच्या त्याच संस्थेत. डॉ. फली मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांमधल्या 1,01,761 माणसांची तोंडं तपासली. कर्करोग आणि त्याच्या आधी दिसणारे पांढरे चट्टे शोधायला. तो अभ्यास 1972 मध्ये प्रसिद्ध झाला. लाखभर माणसांना एकेकाला तोंड उघडायला लावायचं, आत बघायचं, लिहून ठेवायचं. संगणक हाताशी नसताना एवढी माहिती गोळा करणाऱ्यांबद्दल मला धंद्याने येणारा आदर वाटतो. पुढे 1992 मध्ये केंद्र सरकारने तंबाखू घातलेली टूथपेस्ट आणि टूथपावडर बनवण्या-विकण्यावर बंदी घातली. पण तव्यावर घरी भाजलेल्या पानाला कुठली बंदी लागू होणार? आजीची डबी तशीच राहिली.

बाजारातली मंजनं हा यातला सगळ्यात गोंगाटाचा भाग, त्यामुळे तो थोडक्यात. काळं माकडछाप मंजन बाबांच्या लहानपणी घरात होतं. कोलगेट-पामोलिव्हची भारतातली कंपनी 1937 मध्ये मुंबईत स्थापन झाली. बिनाकाच्या खोक्यात प्लॅस्टिकचे चिमुकले प्राणी निघायचे आणि 1952 पासून रेडिओ सिलोनवर त्याच नावाची गीतमाला लागायची. त्याच 1952 मध्ये केशव पेंढरकरांनी परळला विको सुरू केली आणि वज्रदंती मंजन दारोदार विकलं. वज्रदंती म्हणजे आपली पिवळी कोरांटी, कुंपणाला असते ती.

या मंजनांवरून अबकारी खात्याशी जी भांडणं झाली ती मात्र वाचण्यासारखी आहेत. प्रश्न असा, की दंतमंजन हे औषध की प्रसाधन? औषध असेल तर कर कमी, प्रसाधन असेल तर जास्त. विकोचा खटला ठाण्याच्या दिवाणी कोर्टापासून सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि कंपनीच्या बाजूने लागला. बैद्यनाथच्या लाल दंतमंजनाच्या बाबतीत मात्र 1995 मध्ये सुप्रीम कोर्टाने खात्याचं म्हणणं उचलून धरलं: सामान्य माणूस याला औषध समजत नाही, रोज दात घासायची पावडर समजतो. देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने आपण मोरीवर उभे राहून काय समजतो याचा विचार केला, याची मला गंमत वाटते. आजीला साक्षीला बोलावलं असतं तर तिने मशेरी औषधच आहे असं शपथेवर सांगितलं असतं.

ब्रश आपल्याकडे उशिरा रुजला याचं एक कारण केसांत होतं. 1938 पर्यंत चांगला ब्रश म्हणजे डुकराच्या राठ केसांचा. हिंदू आणि मुसलमान दोन्ही घरांत तो तोंडात घालणं अवघड. अमेरिकेत ड्युपाँट कंपनीच्या नायलॉनचे ब्रश त्या वर्षी बाजारात आले आणि ही अडचण कारखान्यातच मिटली. धर्मसुधारणेला जे जमलं नसतं ते रसायनशास्त्राने न बोलता केलं.

आता तारेकडे. दात सरकवण्याची कल्पना जुनी आहे, फ्रान्सच्या पिएर फोशारने 1728 च्या ग्रंथात त्यासाठीची धातूची पट्टी दाखवली होती. आजच्या ब्रॅकेटचा मूळपुरुष अमेरिकेचा एडवर्ड अँगल. पण अँगलच्या काळात ठोकळा थेट दाताला चिकटत नव्हता, कारण तसा गोंदच नव्हता. प्रत्येक दाताभोवती धातूचं कडं बसवायचं आणि ठोकळा त्या कड्याला. म्हणजे सगळे दात चिलखत घातल्यासारखे, आणि कड्याखालचं सिमेंट सुटलं की आत काय चाललंय ते कडं काढेपर्यंत कळायचं नाही.

1955 मध्ये रॉचेस्टरच्या मायकेल ब्युनोकोर यांनी दाखवलं, की दातावर फॉस्फोरिक आम्ल थोडा वेळ लावून धुतलं की पृष्ठभाग सूक्ष्म पातळीवर खडबडीत होतो आणि त्यावर राळ घट्ट धरते. भिंतीला गिलावा धरावा म्हणून गवंडी टाचे मारतो, तेच. पुढच्या दशकात ब्रॅकेट थेट दातांवर चिकटू लागले. तारही बदलली. निकेल आणि टायटॅनियमचा एक मिश्रधातू अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेत तयार झाला होता. वाकवला तरी मूळ आकारात परत येणारा. 1970 च्या दशकात तो दातांवर आला. माझ्या तोंडातली पहिली तार त्याच धातूची होती.

आपल्याकडे दंतवैद्यकाचं शिक्षण 1920 मध्ये कलकत्त्यात डॉ. रफीउद्दीन अहमद यांनी सुरू केलं, मुंबईत नायर रुग्णालयाचं दंत महाविद्यालय 1933 मध्ये निघालं, दंतवैद्यांचा कायदा 1948 चा. दात सरळ करणाऱ्या तज्ज्ञांची अखिल भारतीय संघटना 1965 ची. म्हणजे आजी लग्न होऊन उमेळ्यात आली तेव्हा हे सगळं लोकलच्या अंतरावर अस्तित्वात होतं. पण ते तिच्यासाठी आहे असं तिला कोणी सांगितलं नाही. तिच्या लेखी दाताचा डॉक्टर म्हणजे दात उपटणारा.

चिकटवलेल्या ब्रॅकेटमुळे कड्यांचं चिलखत गेलं आणि नवा प्रश्न आला, तोच माझा रोजचा प्रश्न. ब्रॅकेटची हिरडीकडची कड आणि हिरडी यांच्यात दोन-तीन मिलिमीटरची पट्टी उरते. तिथे लाळ नीट फिरत नाही, जीभ पोहोचत नाही, अन्नाचा आणि जिवाणूंचा चिकट थर साचतो. जिवाणू साखर खातात आणि आम्ल सोडतात. तोंडाची सामू साधारण साडेपाचच्या खाली गेली की कवचातलं कॅल्शियम विरघळू लागतं. त्यातून खडूसारखा पांढरा डाग पडतो, तोही महिन्याभरात पडू शकतो. दोन वर्षांनी तार निघते, दात सरळ असतात आणि प्रत्येक दातावर पांढरी चौकट उमटलेली असते, भिंतीवरून जुनं कॅलेंडर काढल्यावर दिसते तशी. ब्युनोकोर यांचं तंत्र असं, की आम्लाने दात किंचित कोरून तार बसवायची, आणि तोंडातलं आम्ल त्याच तारेच्या आडोशाने दात कोरत बसणार.

यावर उपाय आहेत आणि ते कंटाळवाणे आहेत. फ्लोराइडची पेस्ट, कारण फ्लोराइड कवचात शिरलं की ते आम्लाला अधिक टिकतं. मधोमध खोलगट कापलेल्या केसांचा ब्रश, जो तारेच्या दोन्ही बाजूंना बसतो. आणि मुख्य म्हणजे बाटली धुवायच्या ब्रशची बाहुली वाटावी असा चिमुकला ब्रश, जो तारेखालून एका ब्रॅकेटपासून दुसऱ्यापर्यंत सरकवायचा. पूर्ण तोंडाला मला आठ मिनिटं लागतात. काळं मंजन, कोळसा, राखुंडी यांतलं काहीही इथे उपयोगाचं नाही, त्यांची पूड रबराच्या चकत्यांत अडकून बसते आणि बोट तारेवरच थांबतं. परंपरेबद्दल प्रेम असूनही हे सांगायला हवं, कारण हल्ली कोळशाच्या पेस्टी दुप्पट भावाने विकल्या जातात.

खाण्यातलं सगळ्यात मोठं दुःख सुकेळीचं. वसईची ही उन्हात सुकवलेली पिकली केळी. मधासारखी गोड, गोंदासारखी चिवट. तारेमागे जायला आणि तिथेच राहायला तिच्याइतकं लायक दुसरं काही नसेल. चिक्कीने ब्रॅकेट निघतो, सुक्या बोंबलाचे तंतू तारेला गुंडाळतात, पण ते निदान दिसतात. सुकेळी दिसत नाही.

ऑफिसात जेवणानंतर बेसिनपाशी आठ मिनिटं उभं राहायचं. पहिले काही दिवस येणाऱ्या-जाणाऱ्या बघायच्या, आता माझ्यासारख्या अजून दोघी आहेत. तिघीही पंचविशी ओलांडलेल्या, तिघींनीही पगार सुरू झाल्यावर स्वतःच्या पैशाने तार लावलेली. लहानपणी आमच्या कोणाच्याच घरात दात पुढे असणं हा खर्च करण्याजोगा प्रश्न नव्हता, आता तो सोडवला की शेजारच्या काकू विचारतात, लग्न ठरलं का.

आजी आता ब्याऐंशी वर्षांची आहे. खालचे चार दात उरलेत. मी मोरीवर आरसा लावून तो चिमुकला ब्रश चालवत असते तेव्हा ती शेजारी दगडावर बसून डबी उघडते. एकदा म्हणाली, "बाय, एवढा वेळ काय करतेस गं त्या दातांचं?"

"साफ करते."

"मी पण तेच करते," ती म्हणाली आणि बोट हिरडीवर फिरवू लागली.

तिच्या डाव्या गालाच्या आत, मागच्या बाजूला एक पांढरट चट्टा आहे. मी मोबाइलच्या उजेडात बघितला. मेहतांच्या अभ्यासाबद्दल वाचलं नसतं तर बघायचं सुचलंही नसतं. दुखत नाही, म्हणते, आणि दुखत नाही त्याला डॉक्टर कशाला. येत्या महिन्यात माझी तार घट्ट करायची तारीख आहे, शनिवारी सकाळी अकराची. डॉक्टरबाईंना सांगून ठेवलंय, की बरोबर अजून एक पेशंट असेल. आजीला सांगितलंय, की वसईला भाजी घ्यायला जायचंय.